रविवार कारंजाच्या चावीवाल्या काकांना मनापासून थँक्यू

नमस्कार काका,

बोलता बोलता तुम्ही म्हणाला होतात की फोनवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, म्हणून हे तुमच्या नातवाने वाचून दाखवावं अशी विनंती. मी इंदिरानगरची, गेल्या बुधवारी रात्री पावसात जिच्या गॅरेजचं शटर तुम्ही उघडून दिलंत ती. त्या रात्री नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही, ते राहून गेलेलं आज लिहितेय.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. संध्याकाळी गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात गेले होते, भाजी घेतली, घरी आले तर पिशवीत शटरची चावी नाही. कोथिंबिरीची जुडी सोडून बघितली, पर्स उलटी केली, परत घाटावर जाऊन टॉर्च मारत शोधलं पण तोपर्यंत बाजार उठलेला आणि सगळीकडे चिखल. डुप्लिकेट चावी होती, पण ती गाडीच्या डॅशबोर्डात, म्हणजे शटरच्या आतच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पांचं डायलिसिस. गाडी आत, व्हीलचेअर पण आत. चार तास मशीनवर राहून आले की त्यांच्या अंगात बसायचं सुद्धा त्राण नसतं, रिक्षात तर त्यांना बसवताच येत नाही. मिस्टर पुण्याला. रात्रीचे साडेआठ वाजलेले आणि मला काही सुचेना.

शेजारचे भाऊ अंबडला कंपनीत फिटर आहेत, ते ग्राइंडर घेऊन आले, म्हणाले वहिनी दहा मिनिटात कापून देतो. त्यांच्या मनात मदतच होती, मी पण हो म्हणणार होते. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही दुकान आवरून घरी पोचला होतात, जेवायला बसत होतात हे मला नंतर कळलं. फोनवर एवढंच म्हणालात, "कापू नका ताई, पेट्रोलची गाडी आहे ना आत, ठिणग्या उडतील. मी येतो."

आलात आणि शटरला हात लावायच्या आधी माझं आधार कार्ड आणि घराचं लाइट बिल मागितलंत, वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलंत की या इथेच राहतात ना. खरं सांगते काका, तेव्हा मला राग आला होता, इथे आमचा जीव टांगणीला आणि हे कागद बघतायत असं वाटलं. आता वाटतं की रडवेला चेहरा बघून कोणाचंही शटर कोणासाठीही उघडणारा माणूस असता तर? त्या कागदांसाठी तुम्हाला सगळ्यात आधी थँक्यू.

मग जे बघितलं ते मी विसरणार नाही. मला वाटलेलं तार घालाल, खटकन उघडेल. तुम्ही एक कोरी पितळी चावी काढलीत, तिची वरची कड कानशीने गुळगुळीत केलीत, मधल्या लॉकमध्ये घातलीत, जोर देऊन थोडी इकडे तिकडे फिरवलीत आणि बाहेर काढून टॉर्चखाली तिरकी धरलीत. मला काहीच दिसेना. तुम्ही नखाने दाखवलंत तेव्हा दिसला, टाचणीच्या टोकाएवढा डाग. आतली जी पिन अडकते ती पितळेवर खूण सोडते, तिथेच घासायचं, परत घालायची, परत बघायचं, आणि पिन तिच्या जागेवर आली की तिथे खूण उमटायची बंद होते. पाच पिना. प्रत्येकीसाठी कानशीचे दोन-तीन हात, त्याच्यावर एकही नाही, कारण जास्त घासलं तर चावी वाया आणि सगळं पहिल्यापासून. माझी मुलगी छत्री आणि टॉर्च धरून उभी होती, तिलाच तुम्ही हे समजावत होतात, आणि तिने नंतर शोधून मला सांगितलं की या लॉकचं पेटंट अमेरिकेत लिनस येल यांनी १८६१ साली घेतलं होतं. तेव्हापासूनचं ते लॉक आमच्या दारात तुम्ही फक्त कानस आणि नजर वापरून सोडवत होतात, सव्वा तास, गुडघ्यांवर बसून.

अकराला दहा कमी असताना चावी फिरली. आतल्या दोन्ही सळया बाजूच्या पट्ट्यांतून सरकल्याचा तो आवाज आला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

तुम्ही साडेतीनशे रुपये घेतलेत, मी पाचशेची नोट पुढे केली तर दीडशे मोजून परत दिलेत. आणि निघताना विचारलंत, हरवलेल्या चावीच्या किचेनवर काही लिहिलेलं होतं का. होतं ना, बंगल्याचं नाव. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शनिवारी परत येऊन तुम्ही लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी घालतो तो भाग, काढून आतल्या पिना बदलून दिल्यात, आता ती जुनी चावी कोणाला सापडली तरी लागणार नाही, नवीन लॉकचा खर्च पण वाचला. लॉकमध्ये खोबरेल नाही घालायचं, धूळ धरून चिकट होतं, ग्रॅफाइटची पूड घालायची, हे पण लक्षात ठेवलंय. तीन चाव्या आहेत आता, एक माझ्याकडे, एक मिस्टरांकडे आणि एक वरच्या काकूंकडे. गाडीत एकही नाही.

गुरुवारी सकाळी सातला पाच मिनिटं असताना आप्पा हॉस्पिटलच्या दारात होते. मशीन लावताना त्यांनी सिस्टरला सगळी गोष्ट सांगितली, कानशीसकट. घरी आल्यावर मला म्हणाले, तो माणूस पावसात आला, जेवणावरून उठून आला आणि तू त्याला चहा पण नाही दिलास.

तर काका, या बुधवारी बाजाराला येताना थर्मास घेऊन येतेय. आल्याचा चहा आहे, साखर कमी घालू का तेवढं नातवाला कळवायला सांगा.

तुमची,
इंदिरानगरची ताई