घरटं न दाखवल्याबद्दल आभार

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या गाईडदादांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर रविवारी लोक गेटवर तुम्हालाच गाठतील आणि तिबोटी खंड्या या इवल्या पक्ष्याचं घरटं दाखवा म्हणून मागे लागतील. आणि तुम्ही ते दाखवत नाही, म्हणून तर हे पत्र.

जुलैतली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल असं नाही, रोज किती माणसं येतात. मी, माझी लेक आणि आमचे आबा. गुडघे कुरकुरतात म्हणून आबा गाडीतच बसणार होते. तुम्ही कुठूनशी एक काठी काढून त्यांच्या हातात दिलीत आणि त्यांच्याच चालीनं चाललात. वाटेत तुम्ही एकदम हात आडवा केलात. समोर फांदीवर तो खंड्या बसला होता. जेमतेम 13 सेंटिमीटरचा जीव, जांभळा, केशरी, पिवळा, सगळे रंग ओले. चोचीत सापसुरळी आडवी. ती त्यानं फांदीवर दोनदा आपटली आणि तसाच बसून राहिला. लेक मोबाईल काढायला लागली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "ताई, याचं बीळ इथंच दरडीत आहे. आपण उभे आहोत तोवर हा आत जायचा नाही. पिल्लं उपाशी राहतील. चला मागं." आम्ही वळणापर्यंत मागे आलो तोच तो सरळ खाली गेला.

मोठ्या लेन्सा घेतलेली मंडळी मागून आली. त्यांनी पुढे केलेली नोट तुम्ही घडी घालून त्यांच्याच खिशात ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. पाऊस सुरू झाला की हा पक्षी कोकणात वीण करायला येतो, ओढ्याकाठच्या मातीत बोगदा खणतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याला सगळं उरकायचं असतं, एवढं सांगून तुम्ही त्यांना दुसऱ्या पायवाटेनं नेलंत. एक जण कुरकुरला. कुरकुरू दे.

पनवेलपासून अवघ्या 12 किलोमीटरवर हे रान आहे, याचं मला कधी सुख वाटतं, कधी धास्ती. 1968 साली अभयारण्य झालं तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. पुढे वाढवून 12 झालं. त्याच्या अंगावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, हॉर्न ओढ्यापर्यंत ऐकू येतात. आता विमानतळही पनवेलला खेटून. जवळ म्हणून माणसं येतात, स्पीकर घेऊनही येतात. गेटवर वेफर्सच्या पुड्या मोजून अनामत घेतात त्यावर एक गृहस्थ केवढे चिडले होते! मला तर ती पद्धत फार आवडली. पैसे अडकले की पुडी बरोबर परत येते.

कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहळं आहेत, तेव्हा वर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको, हेही तुम्ही त्या कॉलेजच्या पोरांना न रागावता समजावलंत. ऐकलं त्यांनी. माझं घरी कुणी इतकं ऐकत नाही.

हिवाळ्यात परत येतोय. आबांना स्वर्गीय नर्तक पक्षी बघायचाय, दिसेलच असं तुम्ही कबूल केलेलं नाही हे त्यांना बजावलंय. येताना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणते. डबा स्टीलचाच असेल.

आपली,
पनवेलची एक वाचक