बाप्तिस्मा दिला, पण वारसाहक्काचे काय?

महोदय,

नाताळात देवळातल्या गव्हाणीत योसेफाची मूर्ती बहुधा कडेला, हातात काठी घेऊन उभी असते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायात मात्र बाळाचे नाव ठेवण्याचे काम देवदूत त्यालाच सांगतो, आणि तो ते करतो. लेकरू त्याच्या रक्ताचे नव्हते. तरी त्याने नाव दिले, म्हणूनच दाविदाच्या घराण्याची वंशावळ येशूला लागली. आईबापाच्या त्यागावर आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळ उपदेश होतात, पण त्यांत पोटाला चिमटा घेऊन वाढवण्याचेच बोलतात. नाव आणि हक्क देण्याचा भाग राहून जातो. त्याची झळ लेकरांना बसते, म्हणून हे पत्र.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत बहिणीचे, दिराचे किंवा ओळखीतले लेकरू सांभाळायला घेणे नवे नाही. त्याचा बाप्तिस्मा होतो, शाळेत नाव लागते. कोणी फार जपून वागणारे असले तर स्टँपपेपरवर दत्तकपत्र करून नोटरीचा शिक्का घेतात आणि ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ट्रंकेत ठेवतात. त्या कागदाने ख्रिस्ती घरातले लेकरू दत्तक होत नाही. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती माणसाला पूर्वी १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली नोंद तर मंडळीपुरतीच. सांभाळणारे दोघे गेले की घराच्या उताऱ्यावर पुतण्यांची नावे चढतात. ज्याने म्हातारपणी त्यांचे सगळे केले, त्या लेकराला तलाठ्यासमोर दाखवायला काही नसते.

आता रस्ता आहे. बाल न्याय कायदा २०१५ सर्व धर्मांना लागू आहे. त्याखाली दत्तक झालेले मूल पोटच्या मुलासारखेच वारस ठरते, मृत्युपत्र नसले तरी. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो.

नात्यातले मूल असेल तर काम बरेच सोपे. या कायद्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी, जन्मदात्यांची लेखी संमती घ्यावी, मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर त्याचीही. नाते आणि आर्थिक स्थिती सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडून जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज पुढे जातो. नवरा-बायकोच्या वयांच्या बेरजेची अट इथे लागत नाही.

नात्याबाहेरच्या मुलासाठी ती लागते. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत असावी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. कितीतरी जोडपी नवस-उपासात आणि दवाखान्यांत वर्षे घालवतात आणि नोंदणीला येतात तेव्हा ही बेरीज ओलांडलेली असते. कागदांतही अडते. देवळाच्या दाखल्यावर ‘मरीया’ आणि आधारवर माहेरचे दुसरेच नाव. ते आधी एक करून घ्यावे. पोर्टलवरून बाळाची माहिती आली की ४८ तासांत ते राखून ठेवावे लागते, म्हणून नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर बदलू नये.

ओळखीतल्या बाईचे बाळ दवाखान्यातून परस्पर घरी आणणे हा गुन्हा आहे, भावना कितीही चांगली असो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. तिने बाळ सोपवायचे ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे. अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते, विवाहित जोडपे असेल तर दोघांची लागते. सहीनंतर फेरविचाराला साठ दिवस मिळतात आणि तिचे नाव गुप्त राहते. या बाईबद्दल मंडळीत जे बोलले जाते ते थांबले पाहिजे. बायबलमधल्या शलमोन राजापुढे दोन बाया एका बाळावरून भांडत आल्या, तेव्हा खरी आई ओळखू आली ती बाळ जगावे म्हणून ते दुसरीला द्यायला तयार झाल्यावरून. हा शास्त्रभाग वाचणाऱ्यांनीच तिला दगड मारावा?

ज्यांचे लेकरू आता सज्ञान झाले, त्यांना दत्तकाची वाट राहिलेली नाही. त्यांनी मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या लेकराला किंवा त्याच्या बायकोला, मुलगी असेल तर जावयाला, साक्षीदार करू नये. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द होते. घरचेच विश्वासाचे म्हणून सही घेतात आणि नेमके तिथेच बिघडते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दत्तकपणाबद्दल लिहितो आणि दोनच ओळींनंतर म्हणतो, मुले तर वारसही. त्या काळच्या रोमन कायद्यात दत्तक मुलाला नव्या बापाचे नाव आणि मिळकत दोन्ही मिळे, आणि पत्र वाचणाऱ्यांना ते ठाऊक होते. पाळकसाहेबांना विनंती, की सांभाळायला घेतलेल्या बाळाचा बाप्तिस्मा ठरवायला जोडपे येईल तेव्हा पाण्याची आणि तारखेची बोलणी होण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला का, एवढे विचारावे. झाला नसेल तर बाल संरक्षण कक्षात मंडळीतले कोणीतरी त्यांच्यासोबत जावे.

– एक वाचक, जालना