४००० रुपयांचा मेसेज आणि उत्पन्नाचा दाखला

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तो मेसेज परत फिरायला लागलाय. १ मार्च २०२० नंतर आई किंवा वडील वारले असतील तर घरातल्या दोन मुलांना महिन्याला ४००० मिळणार, लवकर फॉर्म भरा, पुढं पाठवा, असा काहीतरी. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्या ग्रुपवर आलाय आणि तो आला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बायकांची रांग लागते, कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि त्यातल्या निम्म्याजणी त्या फॉर्मला झेरॉक्सवाल्याकडं पैसे मोजून आलेल्या असतात. फॉर्म फुकट असतो हो.

मी बेळगाव जिल्ह्यात मुलांच्या मदतीचे अर्ज तपासायचं काम करते. कुठलं मूल कुठल्या योजनेत बसतं, कागद पुरे आहेत का ते बघायचं आणि फाईल पुढं मंजुरी देणाऱ्या समितीकडं पाठवायची. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

मेसेज अर्धा खरा आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेत स्पॉन्सरशिप म्हणून, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून, महिन्याला ४००० रुपये आहेत, पण त्याला ती तारीख नाही आणि कोविडनंच माणूस गेलेला पाहिजे असंही नाही. आई विधवा नाहीतर नवऱ्यानं सोडलेली, आईवडलांपैकी कुणी मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळलेलं, आईबाप दोन्ही नाहीत आणि मूल आजीकडं नाहीतर मामाकडं वाढतंय, अशी मुलं त्यात बसतात, १८ पूर्ण होईपर्यंत. २०२० ची तारीख बहुतेक पीएम केअर्सवरनं उचललीय, ती योजना वेगळी, ११ मार्च २०२० पासून कोविडच्या काळात अनाथ झालेल्या मुलांची, त्यात २३ व्या वर्षी १० लाख मिळतात. दोन्हीची खिचडी करून कुणीतरी सोडून दिलंय.

पण मेसेजनं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान उत्पन्नाच्या दाखल्यानं होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्पॉन्सरशिपला घरचं वर्षाचं उत्पन्न खेड्यात ७२ हजार आणि शहरात ९६ हजाराच्या आत लागतं. आता आपल्याकडं कर्नाटकात बीपीएल रेशनकार्डाची हद्द १ लाख २० हजार. त्यामुळं बाई बीपीएल कार्ड पुढं करते, म्हणते आम्ही गरीब आहोत की, कार्ड आहे की, आणि दाखल्यावर असतात ८५ हजार. झालं, नाही बसत. ७२ हजार म्हणजे महिन्याला सहा हजार. रोजगार हमीचा २०२५-२६ चा आपल्या राज्याचा दर ३७० रुपये, त्या हिशोबानं बाई महिन्यात सतरा दिवस कामाला गेली तरी ती या योजनेच्या बाहेर. दोन पोरं घेऊन सतरा दिवस राबणारी बाई श्रीमंत, असा त्याचा अर्थ होतो. ही हद्द वाढवायलाच पाहिजे आणि ती वर दिल्लीतनं वाढायला पाहिजे, आमच्या टेबलावर नाही वाढत.

त्यातली खरी गोम पुढं आहे. कितीतरी बायकांनी आणलेला दाखला नवरा असताना काढलेला असतो, पोराच्या स्कॉलरशिपसाठी नाहीतर कशाला तरी. मुदत संपलेली नसते म्हणून नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, परत जायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणजे दाखल्यावर अजून त्या माणसाची कमाई चालू आहे, गवंडीकाम चालू आहे, आणि घरात त्याच्या फोटोला हार आहे. तर मायबहिणींनो, नवरा गेल्यावर दाखला नवीन काढा, तलाठ्याला मृत्यूचा दाखला दाखवून स्पष्ट सांगा आता घरात कमावणारं कोण राहिलंय. लाजून जास्तीचा आकडा सांगू नका.

आता सीमेचं. आपली माणसं कोल्हापूर, इचलकरंजीला कामाला, लेकी चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या. जावई तिकडं वारला, लेक पोरं घेऊन इकडं माहेरी आली. मृत्यूचा दाखला तिकडचा मराठीतला, आधार तिकडच्या पत्त्याचं, शाळा इकडं. आधारवर आडनाव शेवटी, शाळेच्या दाखल्यावर नुसतं इनिशियल. मग कुणीतरी सांगतं महाराष्ट्राची बालसंगोपन योजना घ्या, महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना दिली तशी हीपण मिळेल. तसं नाहीय, बालसंगोपनाचे महिन्याला २२५० आहेत आणि ते महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांना. मूल आज जिथं राहतं तिथल्या जिल्ह्यात अर्ज करायचा, एवढं धरून चला. दाखला पलीकडचा असला म्हणून अर्ज बाद होत नाही, पण नावं जुळवून घ्या आणि आधारचा पत्ता आधी बदला.

फॉस्टर केअरबद्दल पण विचारायलेत लोक. ते वेगळं. आजी-मामाकडं राहणारं मूल स्पॉन्सरशिपमध्ये येतं, फॉस्टर केअर म्हणजे नात्यात नसलेल्या घरी बालकल्याण समितीच्या ऑर्डरनं मूल काही काळ सांभाळायला देणं, त्यालाही ४००० आहेत. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांपासून एकटी बाईसुद्धा मूल घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच मिळतो. आपल्याकडं अशी घरं फार कमी पुढं येतात. परक्याचं मूल घरात कसं, शेजारी काय म्हणतील, एवढ्यावरच अडतं.

आणि ती एक भीती, बालकल्याण समितीचं नाव काढलं की आजी म्हणते पोराला रिमांड होमात घालतील, नको तुमचे पैसे. असं नाहीय. कायदाच म्हणतो मूल घरात राहिलं पाहिजे, संस्था सगळ्यात शेवटी, आणि हे पैसे त्यासाठीच आहेत.

आमच्या वरच्या साहेबांना एक विनंती, या पत्रातनंच करते. माहितीपत्रक मराठीतपण छापा. घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, तर माहिती मराठीत द्यायला काय हरकत आहे, यात सीमाप्रश्न कशाला आणायचा. आणि शाळेतल्या सर-बाईंना विनंती, कुणाचे वडील नाहीत हे तुम्हाला आमच्या आधी कळतं, तेवढी नावं आम्हाला कळवा. ऑफिस सापडलं नाही तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सांगा, फोन फुकट आहे आणि रात्रीपण लागतो.

एक बालसंरक्षण कर्मचारी, ता. खानापूर