दुसरी पसंती कोणाच्या खात्यात?

मुंबई, १३ ऑगस्ट १९६९

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

येत्या शनिवारी, १६ तारखेला, आपले आमदार कौन्सिल हॉलमध्ये राष्ट्रपतिपदासाठी मते देतील. आमच्या बँकेत दुपारच्या डब्याला सध्या दुसरा विषय नाही. माझे मत गुळमुळीत न ठेवता सांगतो: महाराष्ट्राने अपक्ष उमेदवार श्री. व्ही. व्ही. गिरी यांच्या बाजूने उभे राहावे.

मी मूळचा महाडकडचा. चिंतामणराव देशमुखांचे नाते गाव आमच्या शेजारचे. १९५२ साली ते कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेला उभे होते, तेव्हा माझे आयुष्यातले पहिले मत त्यांना पडले. शंकरशेट शिष्यवृत्ती, आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हे सारे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा १९५६ मधला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघालेल्या मंत्रिमंडळात बसायचे त्यांनी नाकारले, मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नको असा सवाल केला, आणि अर्थमंत्रिपद सोडून घरी गेले. आज तेही राष्ट्रपतिपदाचे उमेदवार आहेत; तेव्हा त्यांच्या नावापुढे १, म्हणजे पहिली पसंती, लिहावीशी वाटणाऱ्या आमदाराचा मला राग येत नाही. माझे भांडण २ या आकड्याशी, म्हणजे दुसऱ्या पसंतीशी आहे.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या बळावर चिंतामणराव तिसरे राहणार, हे त्यांच्या पाठीराख्यांनाही कळते. कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती उरलेल्यांना वाटली जाते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांच्या पुढाऱ्यांना भेटले ते त्यासाठीच. आमच्या धंद्यातल्या भाषेत, चेक चिंतामणरावांच्या नावाने फाडायचा आणि पाठीवर सही करून तो काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांच्या खात्यात वटवायचा, असा हा बेत आहे.

आणि रेड्डींच्या मागे कोण? कामराज आणि अतुल्य घोष यांच्याशी आपले काही वैर नाही. पण मोरारजीभाई? स. का. पाटील? मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ज्यांनी कंबर कसली होती तेच हे दोघे! १०५ हुतात्म्यांच्या वेळी मुंबई राज्याच्या गादीवर मोरारजीभाईच होते. पाटलांना दोन वर्षांपूर्वी याच दक्षिण मुंबईने जॉर्ज फर्नांडिस यांच्या हातून घरी बसवले. ज्यांच्या धोरणापायी चिंतामणरावांनी खुर्ची सोडली, त्यांच्याच उमेदवाराला चिंतामणरावांच्या मतांनी राष्ट्रपती करायचे! आचार्य अत्रे जूनमध्ये गेले, नाहीतर या सिंडिकेटचा, म्हणजे काँग्रेसच्या जुन्या पुढाऱ्यांच्या या गटाचा, समाचार त्यांनीच घेतला असता आणि मला हे पत्र लिहावे लागले नसते.

आता गिरींविषयी. १९५४ साली मी बँकेत नवखा कारकून होतो. अपिलेट ट्रायब्यूनलने आमच्या पगाराचा जो निवाडा दिला त्यात सरकारने ऑगस्टमध्ये काटछाट केली. मजूरमंत्री गिरींनी तेवढ्यावरून राजीनामा दिला. पुढे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा आयोग बसला आणि बरेचसे परत मिळाले. त्या काटछाटीच्या वेळी अर्थखाते कोणाकडे होते? चिंतामणरावांकडे. हेही लिहिले पाहिजे; गावचा माणूस म्हणून झाकून कसे ठेवू?

गेल्या महिन्यात १४ बँका सरकारी झाल्या, त्यात आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही आली. स्वतंत्र पक्ष त्यावरून आकाशपाताळ एक करतो आहे. गंमत अशी की इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती चिंतामणराव अर्थमंत्री असताना, आणि आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला तोही त्यांच्याच काळात. अशा माणसाला या पक्षाने उमेदवार केले, यावरूनच पक्षाचे लक्ष पहिल्या पसंतीवर नाही हे दिसते.

गिरींमागे कम्युनिस्ट आहेत, अशी भीती घातली जाते. आहेत. द्रमुक आणि अकालीही आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट पुढारी डांगे होते, तेव्हा कोणाला विटाळ झाला नव्हता.

यशवंतराव चव्हाण काँग्रेसच्या बंगलोरच्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने गेले, त्यामुळे काँग्रेसचे आमदार घुटमळत आहेत. दिल्लीत आता सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत देऊ द्या, अशी मागणी होते आहे. ती महाराष्ट्रानेही करावी. आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १४६ आहे आणि आमदार आहेत २७०; एवढ्या मतांनी पारडे फिरू शकते.

माझे मागणे फार नाही. गिरींपुढे १ लिहा. देशमुखांचा अभिमान आवरत नसेल तर १ त्यांना द्या, पण २ गिरींना. तेही जमत नसेल, तर दुसऱ्या पसंतीची जागा कोरी सोडा. कायद्याने ते चालते.

आपला,
एक बँक कर्मचारी, गिरगाव