बाबांची शुगर आणि त्या पांढऱ्या गोळ्या

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आईने काल बाबांच्या औषधांचा फोटो पाठवला, तो मोठा करून बघितला. खोकल्याचं पातळ औषध ठीक, तापाची गोळी ठीक. पण ज्या बारीक पांढऱ्या गोळीने बाबांना 'दुसऱ्याच दिवशी हुशारी वाटली', ती मिथाइलप्रेडनिसोलोन आहे. म्हणजे स्टेरॉइड. मागच्या हिवाळ्यातली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणली, हेही आईकडूनच कळलं. फोनवर बोलले असते तर 'बरं बरं, बघू' म्हणून बाबांनी फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहिते आहे. आई, तू हे मोठ्याने वाच. मधेच त्यांनी पेपर उघडला तर काढून घे.

आधी कामाचं. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जा. गोळी किती दिवस घेतली, दिवसाला किती घेतली, आणि बाबांना बारा-पंधरा वर्षांपासून शुगर आहे, हे तिन्ही सांगा. बंद कशी करायची ते त्यांना ठरवू दे, स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. आणि जाण्याआधी बोट टोचून शुगर बघा. 'आजारी असताना कशाला टोचायचं, आधीच जेवण नाही' हे बाबांचं म्हणणं मी ऐकून आहे. ते अगदी उलट आहे. तापात माणूस जेवला नाही तरी शुगर चढते, आणि वर स्टेरॉइड असेल तर विचारूच नका.

एवढी का घाबरली, असं वाटेल. मला दादामामा दिसतात, आणि त्यांना झालेला ब्लॅक फंगस.

एप्रिल 2021 मध्ये मामांना कोरोना झाला, ऑक्सिजन लागला, तेव्हा स्टेरॉइड दिलं ते योग्यच दिलं. 2020 मध्येच इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की ऑक्सिजनवरच्या रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस, दिलं तर मृत्यू कमी होतात. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना काही फायदा नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी ऐकलाच नाही. मामा घरी आल्यावरही गोळ्या चालू राहिल्या, कुणी थांबवल्या नाहीत. त्यांना शुगर आहे हे तोवर त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मग डावा गाल बधिर झाला. आई, तुला आठवत असेल, ते सांगत होते की दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर लागतं तसं लागतंय, आणि वरची दाढ हलतेय. एका ठिकाणी आठवडाभर नुसत्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं, टाळूवर बॅटरी मारली, आणि दाढेला हातही न लावता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. टाळूवर काळा डाग होता. त्या बाईंमुळे मामांचा डोळा वाचला असं मी मानते.

बाबा, तेव्हा तुम्हीच घरच्या ग्रुपवर टाकलं होतंत की कांद्यावरचा आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच ब्लॅक फंगस. कांद्यावरची बुरशी वेगळी. ब्लॅक फंगस म्हणतात ती म्युकर जातीची बुरशी. ती मातीत, शेणखतात, शिळ्या पावावर सगळीकडे असते, रंगाने पांढरट-करडी. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज नाकाने ओढतो आणि निरोगी माणसाला काही होत नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. काळं पडतं ते माणसाचं मांस. ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. नाकातून सायनसमध्ये, तिथून खाली टाळूत किंवा बाजूला डोळ्यात. सायनस आणि डोळ्याच्या खोबणीमध्ये कागदाइतकं पातळ हाड असतं, त्याचा अडथळा तो किती. डोळ्यामागून मेंदू.

तिला शिरायला वाट कोण देतं, तर वाढलेली शुगर. रक्तात साखर जास्त झाली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. ती फारच चढून रक्त आम्लधर्मी झालं की रक्तातलं बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह हवंच असतं. विषाणूने नाक-घशाचं अस्तर आधीच सोललेलं. त्यात स्टेरॉइडने शुगर चढते आणि प्रतिकारशक्तीही दबते. मामांच्या बाबतीत हे सगळं एकदम जमून आलं.

त्या मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये दिवसभर हेच चालायचं. नाकातून काढलेला तुकडा यायचा, काचेवर ठेवून केओएचचा (मांस विरघळवून बुरशी उघडी पाडणाऱ्या द्रवाचा) थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, मग मायक्रोस्कोप. दिसायचे ते रुंद, चपटे, रिबिनीसारखे वळलेले धागे, आत पडदे जवळजवळ नाहीतच, आणि फांदी फुटते ती काटकोनात. एकदा बघितलं की विसरत नाही. पेशंट टेबलावर असायचा आणि ऑपरेशन थिएटरमधून फोन, 'दिसलं का?' दिसलं म्हटलं की तिकडे कापायला सुरुवात. जुलैपर्यंत देशात 45 हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात.

नुसत्या औषधाने हे जात नाही, कारण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही तर औषध कुठून पोचणार. मामांचा वरचा डावा जबडा काढला. वर अॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचं इंजेक्शन. लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत भरलेल्या प्रकारात, वजनाच्या किलोला रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज 300 मिलिग्रॅम, आणि एका कुपीत 50. रोजच्या सहा कुप्या, त्याही आठवडेच्या आठवडे. दुकानात मिळत नव्हतं, सरकारकडून रुग्णालयांना मोजून वाटप व्हायचं. मामांच्या पोराने तेव्हा काय धावपळ केली ते आई, तू बघितलंयस. इंजेक्शन चढताना मामांना हुडहुडी भरायची, पोटॅशियम उतरायचं, किडनीसाठी सारख्या तपासण्या.

आता ते टाळूला प्लेट लावतात म्हणून बोलणं कळतं. गेल्या दिवाळीत प्लेट काढून धुवायला मोरीवर गेले आणि तेवढ्यात कुणीतरी चहा हातात दिला. घोट घेतला तर चहा नाकातून आला. मामा हसले, रुमाल लावला. मामीला हसू आलं नाही.

बाबा, साध्या फ्लूनंतर प्रत्येकाला असं होतं असं मी म्हणत नाही. क्वचित होतं. पण तुमच्या बाबतीत ताप आहे, शुगर आहे आणि न विचारता सुरू केलेलं स्टेरॉइड आहे. यातली शेवटची गोष्ट फुकटची आहे. वाफ घ्या, बरं वाटतं, पण वाफेने बुरशी मरत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. आणि डॉक्टर म्हणाले की थोडे दिवस इन्सुलिन घ्या, तर वाद घालू नका. इन्सुलिन म्हणजे आता शेवटचं, हे कट्ट्यावरच्या मंडळींचं शास्त्र आहे. आजारपणापुरतं घेऊन नंतर बंद केलेले कितीतरी जण असतात.

आई, तुला एक काम. रोज सकाळी उजेडात त्यांना तोंड उघडायला लाव आणि टाळू बघ. एकाच बाजूचं नाक बंद, एकाच बाजूचा गाल दुखरा किंवा बधिर, नाकातून काळपट किंवा रक्ताळलेलं काही, वरची दाढ हलणं, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, मला फोन करून लगेच गाडी करायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच, आणि 'शुगर आहे, स्टेरॉइड घेतलंय' हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघ. मागच्या खेपेला बघितली तेव्हा संपत आली होती. जुन्या पट्ट्यांवर आकडा भलताच येतो. नव्या आजच आणा, पैसे मी पाठवते आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिही आणि वहीचा फोटो रोज रात्री पाठव. बाबा 'एकशे चाळीस असेल' असं अंदाजाने सांगतील, ते चालणार नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते आहे. मुलांची परीक्षा आहे, त्यामुळे एकटीच.

तुमची,
सुमी