जुन्या गोदामाच्या जागेची माती तपासण्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, लेकी-जावई आणि नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी असलेले गावकरी यांना सप्रेम जय गुरुदेव.

मंडळाने हाक दिली आणि गाव धावलं नाही, असं आजवर क्वचितच झालं. 2017 चा खरीप कोण विसरेल? पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारणारे मजूर चक्कर येऊन वावरातच पडत होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्या हंगामात विषबाधेने गेले. तेव्हा किराणा दुकानवाल्या भाऊंनी आपली गाडी रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी उभी ठेवली; डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर रागावले. हातमोजे, चष्मे, मास्क आणायला बचत गटाच्या तायांनी स्वतःच्या बचतीतून रक्कम काढून दिली. आपले निवृत्त गुरुजी तर या वयात घरोघरी फिरले. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे आज गावातलं सहावीतलं पोरगंही सांगते, ती त्यांचीच पुण्याई. पुण्याकडच्या आपल्या पोरांनी न मागता पैसे पाठवले होते. या सर्वांचे उपकार मंडळ विसरलेलं नाही.

आता काम मातीचं आहे. सोसायटीच्या जुन्या, पडक्या गोदामाची जागा अंगणवाडीच्या खेळाच्या मैदानासाठी ठरली आहे. जागा मोक्याची, सावलीची, त्याबद्दल वाद नाही. पण जाणत्या लोकांना आठवत असेल, तिथे बी.एच.सी. आणि डीडीटी या जुन्या कीटकनाशकांच्या पावडरची पोती थप्पी लावून ठेवलेली असत. फाटलेल्या पोत्यातली पावडर झाडून अंगणातच लोटली जायची. पहिला पाऊस पडला की पूर्वेकडच्या भिंतीपाशी तो कुबट वास अजून येतो. शेतीसाठी डीडीटी 1989 मध्ये बंद झाली, बी.एच.सी. 1997 मध्ये. कायद्याने बंद झाली म्हणून मातीतून गेली असं नाही. ही औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, आपल्या भारी काळ्या मातीला घट्ट चिकटतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

कोणी म्हणेल, सॉइल हेल्थ कार्ड आहे ना? त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे 12 गोष्टी तपासतात. कीटकनाशकाचा अंश त्यात नसतो. तो बघायला वेगळी प्रयोगशाळा लागते आणि ती महाग आहे.

नुसता आकडा आणूनही भागत नाही, तो माणसाच्या अंगात किती जाईल हे काढावं लागतं. तोंडावाटे, कातडीवाटे आणि धुळीच्या श्वासावाटे, असे तीन रस्ते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबात लहान मूल दिवसाला 200 मिलिग्रॅम माती गिळतं असं धरतात, मोठा माणूस 100. म्हणजे अंगाच्या किलोमागे पोराला आठ-दहा पट जास्त. तान्हा पोळ्याला आपली पोरं लाकडी बैल घेऊन कशी मातीत बसतात आणि त्याच हाताने बोजारा खातात, ते डोळ्यांसमोर आणा. अंगात जाणारी मात्रा भागिले सुरक्षित मात्रा, उत्तर एकाच्या वर गेलं की धोका. कर्करोगाचा हिशेब वेगळा करतात, आणि तो सोडून चालणार नाही, बी.एच.सी.तला लिंडेन हा घटक माणसात कर्करोग करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये ठरवलं आहे.

बोलायला नको, पण बोलतो. हेच पत्र मागच्या उन्हाळ्यातही वाटलं होतं. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, वर्गणी एका संध्याकाळी गोळा झाली, आणि माती तपासणीच्या डब्यात मात्र चहापुरतेही पैसे पडले नाहीत. "माती तपासून काय पीक वाढते का," असं टपरीवर म्हणणाऱ्यांची नातवंडंही त्याच अंगणवाडीत जातात. शंकरपटाला आमचा विरोध नाही, आम्हीही बघायला होतोच.

खर्च अंदाजे 60 हजार: गोदामाच्या अंगणातले नमुने, तुलनेसाठी कधीच न फवारलेल्या धुऱ्यावरचा एक, शेजारच्या हातपंपाचं पाणी, बर्फाची पेटी, नागपूरला नेण्याचं भाडं, तज्ज्ञांचं मानधन. नमुने पेरणीआधी घ्यायचे आहेत, म्हणून वर्गणी अक्षय तृतीयेपर्यंत. रोख असेल तर खजिनदारांकडेच द्यावी व पावती घ्यावी. खाते क्रमांक वाचनालयाच्या फलकावर. पैसे जमत नसतील तर नमुन्याच्या दिवशी दोन माणसं, टिकास आणि फावडं द्या. बरण्या प्रयोगशाळाच देते, घरच्या लोणच्याच्या आणू नयेत. अहवाल चांगला येवो की वाईट, ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाईल. वाईट आला तर वरची माती काढून नवी भरायची की जागाच बदलायची, ते सगळे मिळून ठरवू.

आपला,
सचिव

ता.क. गोदामामागची मोकळी माती जोत्याच्या भरावासाठी ट्रॉलीने नेणं सुरू आहे असं कळलं. अहवाल येईपर्यंत कृपया कोणी नेऊ नये. ज्यांनी नेली त्यांनी कोणत्या घराला टाकली तेवढं सांगावं, तिथलाही नमुना घेऊ.