बारा वाजताची भाकरी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार सकाळ

प्रिय बारक्या,

तुझा मेसेज मंगळवारीच आला. "रात्री खाल्लेलं सगळं चरबीत जातं म्हणे, खरं काय?" मोबाइलवर दोन ओळी खरडल्या असत्या, पण मला दोन ओळींत कधी काय सांगता आलंय? म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. तुझं पोट सुटलं तरी तू बारक्याच, ते नाव आता पेठेतनं जायचं नाही.

आधी माझी कथा ऐक. शिरोलीत फाउंड्रीला लागल्यापासून माझी दुसरी पाळी, दुपारी ३ ते रात्री ११.३०. दोन वर्षांत ११ किलो वाढलो. एका डाएटवाल्याला पैसे मोजले, तर तो म्हणतो सातच्या आत जेवा. अरे मर्दा, सातला मी भट्टीपुढं असतो! हे त्याला दोनदा सांगितलं, त्यानं तोच छापील कागद दोनदा हातात ठेवला.

मग आठवडाभर खिशात डायरी ठेवली आणि पोटात गेलेलं सगळं लिहून काढलं. साडेसातला कँटीनमध्ये चार चपात्या, भाजी, आमटी, भात. बाराला घरी पोचलो की आई ताट मांडून बसलेली: दोन भाकरी, पिठलं, खर्डा, आणि रविवारचा तांबडा उरला असेल तर सोमवारी तोही. कँटीनचं मी जेवणात धरतच नव्हतो, ते 'कामावरचं'. आणि आईनं वाढलेलं मोजायचं असतं होय? शिवाय सुट्टीच्या दिवशी गंगावेशीतलं धारोष्ण दूध. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात ५०० च्या आसपास कॅलरी असतात. तो पैलवानाचा खुराक, पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्याचा. आपण काय मारतो, गप्पा.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ३०० जादा गेल्या तर कागदावर महिन्याला किलोभर वाढायला पाहिजे. प्रत्यक्षात एवढं सरळ होत नाही, वजन चढेल तसा शरीराचा खर्चही चढतो. नाहीतर एव्हाना मी आमच्या बोळातनं आत आलो नसतो.

म्हणजे घड्याळाचा काही संबंध नाही, असं समजू नकोस. मला तेच वाटत होतं, म्हणून जरा वाचलं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. ते पेशीत कसं चालतं हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. अंधार पडला की झोपेची वेळ झाली सांगणारं मेलाटोनिन वाढतं, स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतं, आणि दुपारी पचून जाणारा तोच भात रात्री रक्तातली साखर जास्त चढवतो. बोस्टनच्या संशोधकांनी २०२२ साली १६ जाड माणसांना एकदा वेळेवर आणि एकदा तेच जेवण चारेक तास उशिरा दिलं. उशिरा जेवल्यावर भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी झालं, आणि जागेपणी जळणाऱ्या कॅलरीही ५ टक्क्यांच्या आसपास घटल्या.

आता गंमत बघ. त्याच वर्षी स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या लोकांनी ३० जणांना चार आठवडे सकाळी जास्त, रात्री कमी आणि चार आठवडे त्याच्या उलट खायला घातलं. दिवसाची बेरीज सारखीच. वजन दोन्हीकडं सारखंच उतरलं! फक्त सकाळी भरपेट खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. मला वाटतं दोन्ही खरं आहे. घड्याळ आपल्याला हावरं करतं, वजन वाढवतो तो हावरटपणानं उचललेला घास. आमच्या शेजारचे जैन काका सूर्य मावळायच्या आत जेवतात, पण दुपारच्या चहाबरोबर फरसाणाचा डबा मोकळा करतात. त्यांचं पोट बघितलंस ना?

तर दुसरं जेवण बंद करायचं ठरलं, आणि तिथंच गाडी अडली. आईला नको म्हणायचं कसं? पहिल्या रात्री म्हणालो, भूक नाही. ती म्हणाली, "बाहेर खाऊन आलास व्हय?" दुसऱ्या रात्री काहीच बोलली नाही, ताट झाकलं आणि तशीच झोपायला निघाली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती स्वतःच जेवली नव्हती. दोन वर्षं माझ्यासाठी बारापर्यंत उपाशी, मग माझ्याबरोबर चार घास, आणि लगेच आडवी. तिला शुगर आहे हे तुला ठाऊक आहे. सकाळची शुगर का चढते म्हणून आम्ही औषधाला शिव्या देत होतो, आणि डॉक्टरांनी "रात्री किती वाजता जेवता?" विचारलं की ती बेधडक "आठला" सांगायची.

आता साडेसातच्या सुट्टीत मी कँटीनमधनं फोन लावतो. पलीकडं ती, इकडं मी, दोघं एकदमच जेवतो. सुरुवातीला लई लाजायची. आता फोनवरच विचारते, आमटीला फोडणी कसली दिलीय त्यांनी. पाच महिन्यांत माझे सहा किलो उतरले. तिची सकाळची शुगरही खाली आलीय, पण डॉक्टरांनी मध्येच गोळीही बदलली, त्यामुळं श्रेय कुणाचं ते सांगत नाही.

तुझं प्रकरण वेगळं. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर जागायचं म्हणजे घड्याळच उलटं टांगलेलं. तू मोठं जेवण पाळीच्या आधी उरकून घे आणि रात्री दोनला ऑफिसात सगळे मिळून जे मागवता ना, ते आठवडाभर नुसतं लिहून बघ. सोडू नकोस, लिही फक्त.

आई अजून रोज दुरडीत एक भाकरी झाकून ठेवते, "लागली भूक तर." बहुतेक ती सकाळी चहाबरोबर संपते. परवा गुरुवारी मात्र खर्ड्याचा वास आला, आणि बारा वाजता ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाल्ली. डायरीत लिहिलीय.

दिवाळीला येतोयस ना? आईनं विचारलंय.

तुझाच,
जाड्या